पोपटमाशाचे दात

प्रवाळभित्तीवरचे पाणी निःशब्द असते, असे किनाऱ्यावरून वाटते. कान पाण्याखाली गेले की तो समज लगेच मोडतो. कपारींत दडलेल्या चिमुकल्या कोळंब्या नांग्या आपटून सतत कडकड वाजवत असतात, आणि त्या अखंड कडकडाटातून अधूनमधून एक वेगळाच, जाड आणि कोरडा आवाज येतो: कठीण वस्तूने कठीण वस्तू खरवडल्याचा. आवाजाच्या दिशेने मान वळवली, तर बहुधा पोपटमासाच दिसतो. निळसर हिरवे अंग, गालांवर गुलाबी-केशरी रेघांची नक्षी, शेपटीला पिवळी किनार, असे ज्याचे वर्णन करताना माणसे हरखून जातात, तोच हा मासा. आणि त्या क्षणी तो चक्क खडक चावत असतो.

मला या माशाच्या रंगापेक्षा त्याच्या तोंडाचे कुतूहल अधिक वाटत आले आहे. रंगाची तारीफ करून आपण पुढच्या माशाकडे वळतो, पण प्रवाळभित्तीच्या घडणीत आणि मोडतोडीत या माशाचा जो काही वाटा आहे, तो जवळजवळ सगळा त्याच्या दातांतून येतो. उष्ण कटिबंधातल्या समुद्रांत पोपटमाशांच्या शंभराच्या आसपास जाती आहेत. त्यांच्या रंगांत विलक्षण विविधता असली, तरी जबड्यावरचे दात एकमेकांना जुळून झालेली चोच ही बहुतेक जातींची एकसारखी खूण आहे.

ही चोच जवळून पाहिली, तर ती एकसंध नसल्याचे ध्यानात येते. तिच्या पृष्ठभागावर बारीक दातांच्या रांगाच रांगा दिसतात. प्रशांत महासागरात आढळणाऱ्या, उभट कपाळाच्या एका मोठ्या जातीच्या चोचीत सुमारे १००० दात १५ रांगांत घट्ट बसवलेले असतात. पुढची रांग झिजून गळली की मागची तिची जागा घेते. याच जातीच्या दातांचा क्ष-किरणांनी केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांच्या टणकपणाचे रहस्य उलगडले. हे दात फ्लोरापॅटाइट या फ्लोरीनयुक्त खनिजाचे असतात, त्याचे सूक्ष्म स्फटिक जुडग्यांनी एकत्र येतात आणि ती जुडगी ताण्याबाण्यासारखी एकमेकांत विणलेली असतात. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे तुलनेने मऊ. मोहच्या काठिण्यश्रेणीत अ‍ॅपॅटाइट पाचव्या पायरीवर आहे आणि प्रवाळाच्या सांगाड्यातले अ‍ॅरागोनाइट साडेतीन ते चारच्या दरम्यान. एवढ्या एका फरकावर हा मासा आयुष्यभर दगड फोडतो.

चोच हे झाले केवळ पुढचे हत्यार. खरे दळण घशात होते. तिथे वर आणि खाली दातांनी भरलेल्या दोन हाडी पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये सापडलेल्या खडकाचे पीठ होऊन ते थेट आतड्यात उतरते, कारण पोपटमाशाला जठरच नसते. भूमध्य समुद्रात याच कुळातली एक जात राहते आणि तिच्याविषयी अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवले होते, की रवंथ करताना दिसणारा मासा हा एवढाच. रवंथ तो करत नाही. परंतु चावून झाल्यावरही या माशाच्या घशात काहीतरी चाललेले असते, हे सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी नजरेला पडले होते, याचे मला आजही नवल वाटते.

मासा चावतो कसा, हे पाहायचे तर एकाच माशाच्या मागे थोडा वेळ राहावे लागते. तो खडकावरून सावकाश तरंगत जातो, एका जागी घुटमळतो, अंग तिरके करतो आणि मग अचानक डोके पुढे झोकून चोच रोवतो. मानेला हिसका बसतो, एक-दोन खवले पाण्यात चमकतात आणि खडकावर फिकट पांढरे ओरखडे उरतात. वरच्या आणि खालच्या चोचीचे समोरासमोर, जोडीने. दोन-चार चाव्यांनंतर तो थोडा दूर जातो आणि मागून पांढुरक्या धुळीचा एक लोट सोडतो. लोट पाण्यात क्षणभर तरंगतो. त्यातले जड कण आधी खाली बसतात, हलके कण प्रवाहाबरोबर वाहत जातात. मासा मागे वळूनही पाहत नाही, पुढचा खडक गाठतो. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्याचे हेच चाललेले असते.

तो लोट म्हणजे वाळू. प्रवाळद्वीपांच्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यांवर आपण माशाच्या विष्ठेवर पहुडलेलो असतो, हा विनोद पर्यटकांना आवर्जून ऐकवला जातो आणि ऐकणारे नाके मुरडत हसतात. मला तो विनोद जरा आळशी वाटतो. ही वाळू माशाने पचवलेली नसते, ती त्याच्या शरीरातून दळली जाऊन जवळपास जशीच्या तशी बाहेर पडलेली असते. पचते ते तिच्यातले दुसरेच काही. आणि हसण्यापेक्षा विचार करायला लावणारी गोष्ट या वाळूच्या हिशेबात आहे. मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवतीच्या भित्तीवर तयार होणाऱ्या नव्या वाळूचा हिशेब संशोधकांनी २०१५ मध्ये मांडला, तेव्हा त्यातली ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांच्या पोटातून आलेली निघाली. त्याखालोखाल वाटा हॅलिमेडा या चुनखडीयुक्त शैवालाचा होता आणि तो बराच मागे होता. मालदीवची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटरभर उंच आहे. लाटा वाळू सतत इकडून तिकडे नेत असतात, वाहून नेलेल्याची भरपाई नव्या वाळूने व्हावी लागते आणि ती भरपाई कुठल्या नदीच्या गाळातून होत नाही, कारण तिथे नदीच नाही. अशा बेटाच्या पायाखालची जमीन आसपासच्या माशांच्या रोजच्या खाण्यावर अवलंबून असते, हे कळल्यावर नकाशावरच्या त्या ठिपक्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी पार बदलली.

मग हा मासा नेमके खातो तरी काय? प्रवाळ खातो, असे सर्रास सांगितले जाते. शैवाल खातो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. जिवंत प्रवाळाला नियमितपणे चोच लावणाऱ्या जाती थोड्याच आहेत, आणि बाकीच्यांची पसंती मृत प्रवाळाच्या उघड्या पृष्ठभागाला असते, ज्याच्यावर शैवालाचे आखूड लव वाढलेले असते. लांब, झुपकेदार शैवाल समोर असूनही पुष्कळ पोपटमासे ते टाळतात. केंडल क्लेमेंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये असे प्रतिपादन केले, की पोपटमाशांचे खरे लक्ष्य असते ते खडकावर, शैवालावर आणि खडकाच्या वरच्या थरात पोखरून राहणारे सूक्ष्मजीव, त्यातही सायनोबॅक्टेरिया हे सूर्यप्रकाशावर अन्न बनवणारे जिवाणू, कारण प्रथिने तिथे असतात. हा विचार मला पटतो, कारण त्याने त्या चोचीचे प्रयोजन कळते. केवळ पृष्ठभागावरचे हिरवे ओरबाडायचे असते, तर एवढे दात कशाला लागले असते? अन्न दगडाच्या आत दडलेले आहे, म्हणून दगड फोडावा लागतो.

फोडण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. काही जाती वरवर खरवडतात आणि खडकावर जेमतेम ओरखडा उठवतात. काही मात्र खोल चावा घेऊन खडकाचा टवकाच काढतात. या दुसऱ्या गटातला सर्वांत दांडगा म्हणजे टेंगळ्या पोपटमासा. १.३ मीटरपर्यंत लांबी, ४६ किलोपर्यंत वजन, कपाळावर मोठे टेंगूळ, अंग मळकट हिरवे. रंगाच्या शर्यतीत तो शेवटून पहिला यावा. हे मासे कळपाने फिरतात आणि एकेक मासा वर्षाकाठी पाच टनांहून अधिक प्रवाळखडक पोटात घालतो, ज्यातला जवळपास निम्मा जिवंत प्रवाळ असतो. प्रशांत महासागरातल्या वेक बेटाजवळ या जातीचे नर एकमेकांवर डोकी आपटून झुंजतात, हे २०१२ मध्ये पहिल्यांदा शास्त्रीय नोंदीत आले. माणसाच्या वजनाला टेकणाऱ्या माशांच्या या टकरी तोवर नोंदल्या गेल्या नव्हत्या, कारण जिथे मासेमारी जोरात चालते, तिथे या माशाची संख्या इतकी घटली आहे, की झुंजायला पुरेसे नरच उरत नाहीत, असा संशोधकांचा कयास होता. हे मासे रात्री उथळ पाण्यात दाटीने झोपतात, आणि विजेरी व भाला घेऊन उतरणाऱ्या माणसाला ते एका रात्रीत कळपच्या कळप सापडतात.

आता रंगाकडे वळतो, कारण त्याला बगल देऊन या माशाची गोष्ट पुरी होत नाही. पोपटमाशाचा झगमगाट सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. बहुतेक जातींत लहान वयाचे मासे करडे, तपकिरी किंवा तांबूस असतात आणि त्यांच्यात माद्यांची बहुसंख्या असते. त्यांतल्या काही माद्या पुढे मोठ्या होऊन नर होतात, अंडाशयाच्या जागी वृषण येते आणि त्याबरोबर अंगावर निळ्या-हिरव्या रंगांची ती सगळी नक्षी चढते. इलाका सांभाळणारा मोठा नर नाहीसा झाला, की त्याच्या सोबतच्या माद्यांपैकी एखादी मोठी मादी त्याची जागा घेण्याच्या वाटेला लागते. कॅरिबियन समुद्रातल्या स्टॉपलाइट पोपटमाशात हा पालट इतका टोकाचा असतो, की आधीचा लाल पोटाचा, पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांचा मासा आणि नंतरचा पाचूसारखा हिरवा, कल्ल्याच्या झाकणावर पिवळा ठिपका असलेला मासा एकाच जातीचे आहेत, यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. शिवाय, काही मासे जन्मापासूनच नर असतात, पण माद्यांसारखे साधे रंग अंगावर बाळगून माद्यांच्या घोळक्यात वावरतात, आणि बडा नर मादीसोबत अंडी सोडायला पृष्ठभागाकडे झेपावला, की ऐनवेळी मध्ये घुसून आपले वीर्य पाण्यात सोडून पसार होतात. समुद्री गवतात राहणारी एक जात मात्र लिंग बदलण्याच्या भानगडीत पडतच नाही. निसर्गाचे नियम म्हणून आपण जे सांगतो, त्यांना असा एखादा तरी हटवादी अपवाद असतोच.

या रंगबदलाने मत्स्यशास्त्रज्ञांना शतकानुशतके चकवले. एकाच जातीच्या साध्या आणि भडक रूपांना दोन वेगळी नावे दिली गेली, आणि कागदावर पोपटमाशांच्या जाती प्रत्यक्षापेक्षा कितीतरी पटींनी वाढल्या. त्यात भर अशी, की हे रंग मेलेल्या माशावर टिकत नाहीत. पीटर फोर्सकाल हा सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसचा शिष्य १७६१ मध्ये डॅनिश राजाच्या अरबस्तान मोहिमेवर निघाला आणि तांबड्या समुद्राच्या काठी त्याने मासे गोळा केले. मासा उभा चिरून त्याच्या एका बाजूची कातडी वाळवायची आणि वनस्पतीच्या पानाप्रमाणे कागदावर चिकटवायची, ही त्याची पद्धत होती. १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने त्याचा मृत्यू झाला. त्याची टिपणे मोहिमेतून एकटाच जिवंत परतलेल्या कार्स्टन नीबूरने १७७५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि पोपटमाशांच्या 'स्कारस' या प्रजातीचे शास्त्रीय नाव त्यातूनच रूढ झाले. कागदावर चिकटवलेले ते मासे कोपनहेगनच्या संग्रहालयात आजही आहेत: पिवळट, चपटे, रंग उडालेले. फोर्सकालने जिवंत माशाचे रंग शब्दांत टिपून ठेवले, म्हणून निभावले.

रात्रीच्या पोपटमाशाविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. अंधार पडताच तो एखाद्या कपारीत शिरतो आणि काही जातींत एक विलक्षण प्रकार सुरू होतो. कल्ल्यांजवळच्या ग्रंथींतून स्रवलेला चिकट द्राव तोंडावाटे बाहेर येतो आणि हळूहळू फुगत मागे सरकत अख्ख्या माशाला वेढून टाकतो. विजेरीच्या उजेडात हा कोश जवळजवळ दिसतच नाही. त्यावर बसलेले वाळूचे चार कण पाण्यात अधांतरी लटकल्यासारखे दिसतात, आणि मग लक्षात येते, की मासा आणि आपण यांच्यामध्ये एक पडदा आहे. आत मासा निश्चल असतो, फक्त कल्ले उघडमीट करतात. रंगही उतरलेले, मळके. रात्री शिकारीला निघणाऱ्या मोरे ईल या सापासारख्या माशाला वास लागू नये म्हणून हा कोश, असा जुना तर्क होता. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दुसरे कारण दाखवून दिले. रात्री भित्तीवर नॅथिड नावाचे, काही मिलिमीटर लांबीचे रक्तपिपासू कवचधारी कीटकवजा जीव सुटतात. कोश काढून घेतलेल्या माशांपैकी सुमारे ९४ टक्के माशांना त्यांनी गाठले, तर कोशातल्या माशांपैकी केवळ १० टक्क्यांना. थोडक्यात, ही मच्छरदाणी आहे, आणि ती रोज रात्री नव्याने विणायला माशाला दिवसभरात मिळवलेल्या ऊर्जेचा सुमारे अडीच टक्केच वाटा खर्चावा लागतो.

या माशाच्या नसण्याने काय होते, याचा धडा कॅरिबियन समुद्राने दिला. जमैकाच्या भित्तींवर मोठे मासे फार पूर्वीच जाळ्यांत आणि सापळ्यांत संपले होते, तरी शैवाल आटोक्यात होते, कारण लांब काट्यांचे काळे सी अर्चिन ते फस्त करत. १९८० मध्ये अ‍ॅलन चक्रीवादळाने प्रवाळांची मोडतोड केली. १९८३ मध्ये पनामाजवळ सी अर्चिनांवर रोग पडला आणि वर्षभराच्या आसपास तो सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरून बहुतेक सी अर्चिन मरून गेले. मग शैवालाला अडवणारे कुणीच उरले नाही. १९७७ मध्ये जमैकाच्या भित्तींवर सरासरी ५२ टक्के जागा जिवंत प्रवाळाने व्यापलेली होती, १९९३ मध्ये ती ३ टक्क्यांवर आली. शैवाल ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले. शैवालाने झाकलेल्या खडकावर प्रवाळाच्या पोहणाऱ्या डिंभांना, म्हणजे चिमुकल्या पिल्लांना, बस्तान बसवायला जागा मिळत नाही, आणि पोपटमाशाच्या चाव्याने उघडा झालेला पांढरा ओरखडा हीच त्यांना हवी असलेली जागा असते. बेलीझने २००९ मध्ये पोपटमाशांच्या मासेमारीवर बंदी घातली, बोनेर या कॅरिबियन बेटाने २०१० मध्ये.

पनामाच्या बोकास देल टोरो भागात समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या गाभ्यांतून संशोधकांनी सुमारे तीन हजार वर्षांचा इतिहास वाचला, तो पोपटमाशांच्या दातांवरून. रंगाचा, कातडीचा, हाडांचा पत्ता नव्हता; पण गाळाच्या थराथरांतून झिजून गळलेले ते दात तसेच होते. ज्या थरांत दात विपुल, त्या काळात भित्ती जोमाने वाढलेली. दात कमी झाले, की भित्तीची वाढही मंदावलेली. २०१७ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून पोपटमाशाला 'भित्तीचा माळी' म्हणण्याची टूम अधिकच जोर धरू लागली.

मला त्या बिरुदाचा थोडा राग येतो. माळी बागेच्या भल्यासाठी राबतो. हा मासा पोट भरतो, आणि त्याच्या पोट भरण्यातून भित्तीचे भले होईल की बुरे, हे भित्ती त्या वेळी कोणत्या अवस्थेत आहे त्यावर ठरते. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभराने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारे, त्यांना अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. पाणी वेळेत निवले नाही, तर मरतात. २०१६ च्या अशा उष्ण लाटेनंतर ग्रेट बॅरियर रीफवर आणि हिंदी महासागरातल्या चागोस बेटांभोवती पोपटमाशांची संख्या दोन ते आठ पटींनी वाढली, आणि एकेक मासा अंगानेही सुमारे वीस टक्के मोठा झाला. मेलेल्या प्रवाळाचा उघडा पृष्ठभाग म्हणजे त्यांच्या अन्नाचे वाढलेले ताट. ज्या दिवसांत माणसे भित्तीच्या मरणाची बातमी वाचून हळहळत होती, त्या दिवसांत हे मासे अंग धरत होते. त्यांचे खाणे शैवालाला रोखून नव्या प्रवाळाला जागा करून देते, हे खरे. पण वाढणारा प्रवाळच उरला नाही, तर तेच खाणे भित्तीचा उरलासुरला सांगाडाही झिजवत नेते, आणि चुन्याच्या जमाखर्चात खर्चाची बाजू वरचढ होते.

हा जमाखर्च आता प्रत्यक्ष मांडला जातो. किती चुना प्रवाळांनी बांधला आणि किती पोखरणाऱ्या, खरवडणाऱ्या जीवांनी काढून नेला, याचा अंदाज बांधण्यासाठी पाणबुडे भित्तीवर ठरावीक लांबीची पट्टी अंथरतात आणि तिच्या कडेने पोहत दिसेल त्या पोपटमाशाची पाण्याखालच्या पाटीवर नोंद करतात: जात कोणती, लांबी अंदाजे किती, आणि अंगावर रंग साधे आहेत की भडक. तिसरा रकाना केवळ हौसेसाठी नसतो. एकाच जातीतले साधे आणि भडक मासे दिवसाला सारखेच चावे घेत नाहीत, त्यामुळे काढून नेलेल्या खडकाचे गणित करताना माशाचा रंगही धरावा लागतो.